त्या वर्षांतल्या टाळ्या

आमच्या दादीला इसवी सन कळत नसे. तिची सगळी मोजणी कोयनेच्या भूकंपावर चालायची. थोरल्या चाचांचा निकाह भूकंपाच्या आधी, धाकट्या फुफीचा जन्म भूकंपाच्या नंतर. आम्ही भावंडं, म्हणजे सख्खी, चुलत, आते मिळून अकराजण, शाळेत गेलो, तारखा पाठ केल्या, पण आमचीही मोजणी शेवटी दादीसारखीच झाली. ६ डिसेंबर १९९२च्या आधी की नंतर. त्या दिवसाबद्दल आणि पुढच्या दंगलींबद्दल पुष्कळ लिहून झालं आहे, आपल्याच मंडळींनी चांगलं लिहिलं आहे, ते इथे पुन्हा उगाळत नाही. आम्हाला सांगायचं आहे ते त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांचं. १९९४, ९५, ९६. हल्ली ही वर्षं फार लाडाने आठवली जातात. केबल टीव्ही, माधुरीची जांभळी साडी, सचिन, गणपतीचं दूध पिणं. या आठवणी आमच्याही आहेत, कुणापेक्षा कमी नाहीत. फरक एवढाच की आम्ही टाळी वाजवायच्या आधी आजूबाजूला एक नजर टाकत होतो.

आमचं गाव कृष्णाकाठचं, कराडजवळचं, बाजारपेठेचं. बागवान गल्ली मंडईला लागून. धंदा अर्थात फळांचा. मागे केळी पिकवायची वखार, पुढे दुकान, दुकानासमोर दोन हातगाड्या. घरात दखनी, दुकानात मराठी. अम्मी रागावताना दखनी बोलायची आणि लाडात येऊन मराठी, की उलटं, यावर आमच्यात अजून एकमत नाही. कॉलेजात गेल्यावर मात्र आम्हाला पहिल्यांदा कुणी तरी म्हणालं, "तुम्ही मराठी किती छान बोलता!" बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तो कौतुकच करत होता. पण पाहुण्याचं करतात तसं कौतुक आपल्याच घरात झालं की माणूस जरा चपापतो.

थोरले चाचा रात्री रेडिओला कान लावून बसत. बीबीसी उर्दूचं 'सैरबीन' चुकवायचे नाहीत. १९९५च्या जुलैत सेब्रेनिकाची बातमी आम्ही त्यांच्याकडूनच ऐकली. बोस्निया नकाशात कुठे आहे हे आम्ही शाळेच्या जुन्या अ‍ॅटलासमध्ये शोधलं तर तिथे अजून युगोस्लाव्हियाच छापलेलं होतं. आठ हजारांवर पुरुष आणि पोरं काही दिवसांत मारली गेली, आणि तीही संयुक्त राष्ट्रांनी सुरक्षित ठरवलेल्या जागेत. चाचा बातमी ऐकून रेडिओ बंद करायचे आणि काही न बोलता वखारीत जाऊन केळ्यांचे घड पाहून यायचे. मुंबईहून आलेल्या आमच्या एका नातेवाइकांनी त्या वर्षी एवढंच विचारलं होतं, "तिथंही शेजारीच होते ना?" त्यांना कुणी उत्तर दिलं नाही.

पण रोज कुणी बोस्निया घेऊन जगत नाही. दुकान उघडावं लागतं, गिऱ्हाइकाशी हसून बोलावं लागतं. आणि हसायला कारणंही होती. १९९४चा दादासाहेब फाळके पुरस्कार दिलीपकुमार यांना मिळाला तेव्हा बागवान गल्लीत जणू घरचंच लग्न होतं. कारण साधं. युसूफ खान पेशावरचे खरे, पण त्यांचे वडील गुलाम सरवर फळांचे व्यापारी. पेशावरला बागा, देवळालीला बाग. म्हणजे अब्बांच्या भाषेत, "अपनीच बिरादरी का छोकरा." देवळाली नाशिकजवळची, फाळके त्र्यंबकेश्वरचे, आणि दिलीपसाहेब मराठी बोलतात. अब्बांनी हे सगळं जोडून असा काही हिशेब मांडला होता की पुरस्कार नाशिक जिल्ह्यातल्या नाशिक जिल्ह्यात राहिला. त्या आठवड्यात जो कुणी डझनभर केळी घ्यायला येई त्याला हा हिशेब ऐकूनच जावं लागे. एक-दोघांनी पुढे समोरच्या गाड्यावरून केळी घ्यायला सुरुवात केली.

आम्हा पोरांचे नट दुसरे. आमीर, सलमान, शाहरुख, तिघंही १९६५ सालची. 'हम आपके हैं कौन' ऑगस्ट १९९४ मध्ये आला, 'रंगीला' आणि 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' १९९५ मध्ये. देशात धर्माच्या नावाने एवढं पेटून जेमतेम दीड-दोन वर्षं झालेली, आणि त्याच देशातल्या आया आपल्या पोरींसाठी प्रेमसारखा जावई मागत होत्या. यावर पुढे विद्वानांनी पुष्कळ लिहिलं. हे खान पडद्यावर प्रेम आणि राज असतात म्हणून चालतात, खरी नावं घेऊन आले असते तर चालले नसते, असाही एक मुद्दा मांडला गेला. मुद्द्यात दम आहे. पण आम्हाला त्या वेळी तो सुचला नव्हता, आणि सुचला असता तरी तिकीट काढलंच असतं. शाहरुखचं नाव श्रेयनामावलीत येताच थिएटरात शिट्ट्या वाजत आणि त्या वाजवणाऱ्यांत कोण कुठल्या गल्लीतलं हे अंधारात दिसत नसे. दिसत नसे म्हणूनच आम्हाला थिएटर आवडायचं.

'बॉम्बे' वेगळा. मणिरत्नम यांचा हा चित्रपट १९९५च्या उन्हाळ्यात लागला. दंगलीवरचा, हिंदू नवरा आणि मुस्लिम बायको. दोन्हीकडच्यांनी आक्षेप घेतले, जुलैत दिग्दर्शकांच्या मद्रासच्या घरावर बॉम्बही टाकला गेला. आम्ही पाहिला तेव्हा मध्यंतरात कुणी चहा प्यायला उठलं नाही. ए. आर. रहमान यांची गाणी मात्र पुढे वर्षभर मंडईत वाजली, गणपतीतही वाजली, लग्नातही. त्याच्या आदल्या वर्षी 'क्रांतिवीर'मध्ये नाना पाटेकरांनी दोघांचं रक्त एका तळव्यावर मिसळून दाखवलं, तेव्हा अख्खं थिएटर उभं राहिलं होतं. आम्हीही राहिलो. पण खरं सांगायचं तर रक्त एक आहे हे आम्हाला ठाऊकच होतं. अडचण रक्ताची कधी नव्हती, भाड्याने घर मिळण्याची होती.

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. गणपती दूध पितो ही बातमी सकाळी दिल्लीकडून निघाली आणि दुपारपर्यंत आमच्या मंडईत पोचली. तेव्हा मोबाइल नव्हते, म्हणजे त्याच वर्षीच्या ३१ जुलैला देशात पहिला मोबाइल फोन झाला होता, पण तो कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीला सुखराम यांना केला होता, आमच्याशी त्याचा संबंध नव्हता. तरी बातमी पोचली. देवळापुढे ही रांग, हातात वाट्या, चमचे. शास्त्रज्ञांनी दुसऱ्याच दिवशी पृष्ठताण आणि केशाकर्षण समजावून सांगितलं. दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीची माणसं साताऱ्याचीच, त्यांनी तर चमचे घेऊन दाखवलंही. आमच्या गल्लीत मात्र त्या दिवशी चहा मिळाला नाही, कारण दूधच संपलं. दुकानाशेजारच्या काकूंनी आमच्या अम्मीकडे येऊन दबक्या आवाजात विचारलं, "भाभी, तुमच्यात काय म्हणतात ह्याला?" अम्मीने विचार केला आणि म्हणाली, "आमच्यात म्हणतात, पोरांना द्यावं दूध." काकू हसल्या, आणि तरीही रांगेत गेल्या. दोघींचं काही बिघडलं नाही.

पाठोपाठ २४ ऑक्टोबरचं सूर्यग्रहण. दिवाळीतच आलं. खग्रास राजस्थान, उत्तर प्रदेश, बंगालच्या पट्ट्यात, आपल्याकडे खंडग्रास. टीव्हीवर थेट दाखवत होते. मंडई सकाळी ओस. गरोदर बायकांना घराबाहेर पडू देत नव्हते, यात आमचीही घरं मागे नव्हती. चाची पोटुशी होती, तिला आतल्या खोलीत बसवून ठेवली, सुरी-कात्रीला हात लावू दिला नाही. मशिदीत इमामसाहेबांनी ग्रहणाची नमाज पढवली आणि नंतर थोडक्यात सांगितलं की हुजूरांचे साहेबजादे इब्राहिम वारले त्या दिवशी ग्रहण लागलं होतं, लोक म्हणू लागले की या दुःखानेच सूर्य काळवंडला, तर हुजूरांनी लोकांना थांबवलं. सूर्य-चंद्राला कुणाच्या जन्ममरणाने ग्रहण लागत नाही, असं स्वतःच्या मुलाच्या मौतीच्या दिवशी सांगितलं. हे ऐकून घरी आलो तर चाची अजून आतल्या खोलीतच. दादीला इमामसाहेबांचं म्हणणं सांगितलं. ती म्हणाली, "सही बोले. पर सुरी को हात नको लगाने देव."

आता क्रिकेट. खरं तर एवढा वेळ आम्ही क्रिकेटकडे यायचंच टाळत होतो.

१९९६ सालची सुरुवात चांगली नव्हती. मुंबईच्या दंगलींची चौकशी करणारा श्रीकृष्ण आयोग राज्य सरकारने जानेवारीत गुंडाळला. तोंडावर रमजान. (मे महिन्यात तो पुन्हा नेमला गेला आणि १९९८च्या फेब्रुवारीत अहवाल आला, पण ते पुढचं.) गल्लीत कुणी मोठ्याने काही बोललं नाही, तराबीहनंतर माणसं कट्ट्यावर नेहमीपेक्षा कमी वेळ बसू लागली इतकंच. त्याच महिन्याच्या शेवटी कोलंबोत बॉम्बस्फोट झाला, ऑस्ट्रेलिया आणि वेस्ट इंडीजने श्रीलंकेत विश्वचषकाचे सामने खेळायला नकार दिला. मग भारत आणि पाकिस्तानने मिळून एक संघ केला आणि तो कोलंबोला जाऊन श्रीलंकेशी खेळला. १३ फेब्रुवारी १९९६. चाळीस षटकांचा मैत्रीचा सामना, अधिकृत नोंदीत त्याला फारशी किंमत नाही. हल्लीच्या पोरांना सांगितलं तर खोटं वाटतं. कर्णधार अझरुद्दीन. सलामीला सईद अन्वर आणि सचिन तेंडुलकर. आणि कालुवितरणा बाद झाला तो असा: गोलंदाज वसीम अक्रम, झेल तेंडुलकर.

ही एक ओळ आम्ही धावफलकात पुन्हा पुन्हा वाचली. रोजे चालू होते, इफ्तारला खजूर आणि कापलेली पपई पुढ्यात, आणि चुलत भाऊ पेपर घेऊन मोठ्याने वाचत होता, "झेल तेंडुलकर, गोलंदाज अक्रम." त्या एका दिवसापुरतं आम्हाला वसीमच्या चेंडूला उघडपणे दाद देता आली. कारण तो आपल्या संघात होता!

हे थोडं उलगडून सांगायला हवं. आमच्या वर्गात एक मित्र होता, घर मंडईच्या पलीकडे, आडनाव देशमुख म्हणू. तो डावखुरा वेगवान गोलंदाज, त्यामुळे त्याच्या खोलीत वसीम अक्रमचं भलं मोठं पोस्टर. सोबत इम्रान. त्याच्या आईवडिलांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, वाटायचं कारणही नव्हतं. पोराला गोलंदाजी आवडते. आमच्या घरात मात्र ते पोस्टर लागणं शक्य नव्हतं. अब्बांनी मनाई केली होती असं नाही, कधी विषयच निघाला नाही. आम्ही सगळे जाणूनच होतो. दुकानात एका कॅलेंडरवर काबा होता, त्याच्या शेजारी अझरचा फोटो आणि सचिनचा फोटो. अझर एकटा लावला असता तर बरं दिसलं नसतं, म्हणून दोघं. आता लिहिताना हसू येतं, पण फोटो लावताना हा विचार खरोखर झाला होता. दाद द्यायची मोकळीक देशमुखाला होती, आम्हाला नव्हती. आमच्याकडून कुणी काढून घेतली होती असंही नाही. ती आपोआप गेली होती.

९ मार्च १९९६, शनिवार. बंगळूर. उपांत्यपूर्व फेरी, भारत विरुद्ध पाकिस्तान. सामना दिवस-रात्रीचा. चाचांनी दुपारीच सगळ्यांना वखारीत बोलावून सांगितलं, "जीते तो सबके साथ बाहर जाव. हारे तो चुप घर में बैठो. और बीच में कोई कुछ पूछे तो हाँ जी बोलो." टीव्ही दुकानात लावला होता, दार उघडं ठेवून. दार उघडं ठेवायचं हे चाचांचंच. बंद दारामागे सामना पाहणं त्यांना धोक्याचं वाटत होतं.

सिद्धू ९३. वसीम अक्रम दुखापतीमुळे खेळतच नव्हता, कर्णधार आमीर सोहेल. शेवटी शेवटी अजय जडेजाने वकार युनूसला जे धुतलं, २५ चेंडूंत ४५, वकारच्या शेवटच्या दोन षटकांत चाळीस धावा, तेव्हा दुकानासमोर शंभरेक माणूस उभं होतं आणि आमचा धाकटा भाऊ तराजूचं पारडं वाजवत होता. २८७. मग सईद अन्वर आणि सोहेलने दहा षटकांत ८४ काढल्या आणि गर्दी गप्प झाली. त्या शांततेत मागून कुणीतरी म्हणालं, "काय रे, आता बरं वाटत असेल ना?" कुणाला म्हणालं, कोण म्हणालं, आम्ही मागे वळून पाहिलं नाही. चाचांनी सांगितलेलं 'हाँ जी' या प्रश्नाला चालणारं नव्हतं. अब्बा गल्ल्यावर बसले होते. त्यांनी टीव्हीवरची नजर न काढता एक सफरचंद उचललं, पुसलं, परत ठेवलं.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. सोहेलने वेंकटेश प्रसादला चौकार मारला, बॅट रोखून सीमारेषा दाखवली, आणि पुढच्याच चेंडूवर त्याची दांडी गुल. त्या क्षणी गर्दीतल्या प्रत्येकाने शेजारच्याला मिठी मारली, शेजारी कोण हे न पाहता. आमच्या एका भावाला ज्याने मिठी मारली तो मघाशी मागून बोलणाराच असावा असा त्याचा आजही दावा आहे, आवाजावरून. असेल किंवा नसेल.

जावेद मियांदादचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. १९७५पासूनचे सहाच्या सहा विश्वचषक खेळलेला माणूस, ३८वर धावबाद झाला. बंगळूरच्या मैदानात जल्लोष, आमच्या दुकानापुढेही. चाचांचे हात मांडीवर होते. या माणसाची फलंदाजी चाचांनी वीस वर्षं रेडिओवर ऐकली होती, शारजातल्या शेवटच्या चेंडूवरच्या षटकाराने ते चिडलेही होते आणि भारावलेही होते. देशमुखाचे वडील शेजारच्या बाकावर बसले होते. ते उठले आणि मोठ्याने म्हणाले, "गडी मोठा होता." आणि दोन टाळ्या वाजवल्या. मग चाचांनीही वाजवल्या. तोवर नाही.

भारत ३९ धावांनी जिंकला. फटाके आमच्याच गल्लीत आधी फुटले, ते आधी फुटावेत अशी तजवीज होतीच. पण त्यात नाटक होतं असं कुणी समजू नये. आनंद खरा होता. आपला संघ जिंकला होता आणि त्याचा कर्णधार अझर होता. फक्त त्या आनंदाचं प्रमाणपत्रही सोबत दाखवावं लागत होतं, एवढंच.

चार दिवसांनी कलकत्ता. श्रीलंकेविरुद्ध उपांत्य सामना. अझरने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं. जयसूर्या आणि कालुवितरणा पहिल्याच षटकात गेले तेव्हा निर्णय शहाणपणाचा वाटला. मग अरविंद डिसिल्वाने ४७ चेंडूंत ६६ काढले, श्रीलंका २५१. आपण १ बाद ९८, सचिन ६५वर यष्टिचीत, आणि त्यानंतर पत्त्यांचा बंगला. ८ बाद १२०. अझर शून्यावर. बाटल्या, जाळपोळ, पंच-खेळाडू आत, आणि सामनाधिकारी क्लाइव्ह लॉइड यांनी सामना श्रीलंकेला देऊन टाकला. विनोद कांबळी रडत बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी मंडईत खेळपट्टीची चर्चा झाली, नाणेफेकीची झाली. चर्चा व्हायलाच हवी होती, निर्णय चुकलाच होता. परंतु दुपारपर्यंत अझर 'आपला अझर' राहिला नाही, 'तो अझरुद्दीन' झाला. मग एक जण 'विकला गेला' म्हणाला, दुसरा आणखी पुढचं काही म्हणाला. त्यावेळी त्याला कसलाही पुरावा नव्हता. पुढे २०००मध्ये सामना निश्चितीच्या प्रकरणात त्याच्यावर आजन्म बंदी आली, २०१२मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बंदी बेकायदा ठरवली, या सगळ्याचा त्या दुपारशी संबंध जोडणं बरोबर नाही. २०००च्या बातमीने आम्हाला जे वाटलं ते वेगळं होतं, चाहत्याचा राग होता. १९९६च्या त्या दुपारी जे वाटलं त्यात रागाला जागाच नव्हती. त्याच आठवड्यात, न खेळलेल्या वसीम अक्रमच्या नावाने तिकडे पाकिस्तानात शिव्याशाप चालले होते. तिकडे त्याच्या धर्माचा प्रश्न नव्हता, तरी दगाबाज ठरलाच. हे वाचून आम्हाला थोडा दिलासा मिळाला. असल्या गोष्टीत दिलासा मिळावा हेही काही बरं नाही.

दुकानातला अझरचा फोटो काढावा का, यावर घरात दोन दिवस खल झाला. अब्बा म्हणाले, काढला तर लोक म्हणतील, हारला म्हणून काढला. ठेवला तर म्हणतील, आपला म्हणून ठेवला. शेवटी राहिला. देशमुख येऊन पाहून गेला आणि म्हणाला, सचिनचा जरा वाकडा झालाय, सरळ करा.

त्याच वर्षी जुलैत ऑलिंपिक. अटलांटाचं उद्घाटन, आपल्याकडे २० जुलैची सकाळ. मशाल कोण पेटवणार हे गुपित ठेवलं होतं. जलतरणपटू जॅनेट इव्हान्स मशाल घेऊन वर आली आणि अंधारातून पांढऱ्या कपड्यातला एक भला माणूस पुढे झाला. मुहंमद अली. पार्किन्सनने डावा हात थरथरत होता, चेहरा गोठल्यासारखा. ज्योत पेटेपर्यंत चाचा उभे होते, आणि आमच्या आठवणीत टीव्हीसमोर ते उभे राहिल्याचा तो एकच प्रसंग. १९६०च्या रोममधलं सुवर्णपदक अलींकडे उरलं नव्हतं, त्याच स्पर्धेत त्यांना दुसरं देण्यात आलं. युद्धाला नकार दिला म्हणून ज्याचं जगज्जेतेपद देशाने काढून घेतलं होतं, त्यालाच देशाने मशाल दिली, असं आमच्यातल्या एकाने मोठ्या उत्साहात म्हटलं. चाचा म्हणाले, "उनतीस बरस लगे."

३ ऑगस्टला लिएंडर पेसने ब्राझीलच्या मेलिजेनीला हरवून कांस्यपदक मिळवलं. वैयक्तिक पदक, १९५२नंतरचं पहिलं. १९५२चं कुणाचं, हे त्या आठवड्यात देशभरच्या वर्तमानपत्रांना शोधावं लागलं. आमच्याकडे शोधावं लागलं नाही. गोळेश्वरचे खाशाबा जाधव. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं होतं. परत आल्यावर कराडला बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि चाचा तेव्हा सात वर्षांचे, आमच्या दादांच्या खांद्यावर बसून ती पाहायला गेलेले. पैलवानाच्या गळ्यात पडलेल्या हारातलं एक झेंडूचं फूल आपल्या हातात आलं होतं असं ते सांगत. त्या आठवड्यात दुकानात चाचांनी हे किती जणांना सांगितलं याची मोजदाद नाही. अब्बांना दिलीपकुमार, तसे चाचांना खाशाबा. समोरच्या गाड्यावरची गिऱ्हाइकी पुन्हा थोडी वाढली.